वाजवून दाखवा

परवा रात्री साडेदहाला फोन आला. जेवण झालं होतं, मी आपला गॅलरीतले वाळलेले कपडे काढत होतो, आणि समोरून डायरेक्ट, "तुम्ही सकाळी पियानो ट्यून करून गेलात ना, तो सगळा बेसूर आहे." नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी म्हटलं साहेब, सगळा म्हणजे नेमका कुठे? तर म्हणे मोबाईलवर ॲप टाकलंय, खालच्या सगळ्या पट्ट्या लाल दाखवतंय, अगदी वरच्या पण लाल, फक्त मधल्या हिरव्या, म्हणजे तुम्ही फक्त मधलेच सूर करून गेलात का?

आता ह्यात गंमत अशी की ॲप खोटं बोलत नव्हतं आणि मी पण कामचुकारपणा केला नव्हता. पियानोची तार म्हणजे काही गणिताच्या वहीतली तार नाही, ती पोलादाची, ताठ, आणि ताठ असल्यामुळे तिच्यातून जे वरचे बारीक सूर निघतात ना ते हिशेबापेक्षा जरा चढे निघतात. मग खालचा आणि वरचा सा एकमेकांशी गोड वाजायला हवे असतील तर खालचे सूर हिशेबापेक्षा जरा उतरे आणि वरचे जरा चढे ठेवावे लागतात, सगळेच ट्यूनर ठेवतात. साध्या ॲपला हे माहीत नसतं, ते बिचारं सेकंदाला 440 कंपनांची दुप्पट 880 करत सुटतं. पण हे सगळं रात्री साडेदहाला कपडे खांद्यावर टाकून कोण समजावणार? मी म्हटलं, फोन स्पीकरवर टाका आणि वाजवून दाखवा. सगळ्यात खालचा सी दाबा, त्याच्याबरोबर वरचा एक सी दाबा, आणि ॲप बंद करून सांगा कसं वाटतंय. वाजवलं त्यांनी. दोन मिनिटं शांतता. मग म्हणाले, "तसं बरं वाटतंय... पण लाल आहे हो."

मागून त्यांच्या मुलीचा आवाज आला, "पप्पा झोपा आता." मी मनात त्या पोरीला शंभर वर्षं आयुष्य चिंतलं.

हे 'वाजवून दाखवा' माझं आता इतकं तोंडात बसलंय की घरी मिक्सर बिघडला तरी बायकोला तेच म्हणतो. पण पहिली सहा-सात वर्षं मी असा नव्हतो. तक्रार आली की आधी माझा आवाज चढायचा. मी नीट केलंय, तुमच्या कानाचा प्रॉब्लेम आहे, अशा टाइपचं. दोन-तीन घरं त्यातच गेली हातची.

थोडं मागचं सांगतो. आमचे आण्णा डोंबिवलीत पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करायचे. भाता बदलणं, रीड (आतली सुराची पितळी पट्टी) मिळवणं, सगळं घरच्या घरी. रीड टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, हे मला शाळेत पाढ्यांच्या आधी माहीत होतं. पियानो मात्र मी शिकलो धोबीतलावला एका गोव्याच्या अंकलकडे. मुंबईतले गोव्याचे वादक लोक तिकडेच जास्त, त्यातलेच हे. अंकल फार कमी बोलायचे. गिऱ्हाईक तावातावाने काही सांगायला लागलं की मी मध्येच तोंड घालायचो, तर बाहेर आल्यावर जिन्यात एकच वाक्य, "पयलीं आयक, मागीर उलय." आधी ऐक, मग बोल. मला वाटायचं हे कोंकणीत काहीतरी देवाधर्माचं सांगतायत. खूप वर्षांनी कळलं, धंद्याचं सांगत होते.

एक उदाहरण देतो म्हणजे कळेल. दादरला एक काकू आहेत, त्यांच्या मिस्टरांचा जुना अपराइट, म्हणजे उभा पियानो. ट्यून करून गेलो, आठवड्यात फोन, एक पट्टी किरकिरते. गेलो, वाजवली, काही नाही. परत फोन. परत गेलो, ॲक्शन म्हणजे आतली सगळी यंत्रणा बाहेर काढून तारांवर आपटणारे हॅमर बघितले, तारा बघितल्या, काही नाही. तिसऱ्या फोनला काकू चिडलेल्या आणि मी त्यांच्याहून जास्त, कारण तिसरी फेरी फुकट आणि डोंबिवली ते दादर लोकलमध्ये ती टूलची बॅग घेऊन उभं राहायचं म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये. (त्यात स्टेशनवर बॅग चेक करणारे पोलीस ट्यूनिंग लीव्हर हातात घेऊन विचारतात हा पाना कसला, घरफोडीचा का. दर वेळी.) तर तिसऱ्या वेळी मी हातच लावला नाही. म्हटलं काकू, तुम्ही रोज जसं वाजवता तसंच वाजवून दाखवा, मी इथे खुर्चीत बसतो. त्या म्हणाल्या थांबा, आणि आत जाऊन समई आणली, पियानोवर ठेवली, लावली. संध्याकाळची वेळ होती, रोज दिवा लावून मग वाजवायला बसतात. आणि वाजवायला लागल्या तर खरंच किर्रर्र. समईच्या दांड्याचा आटा सैल होता. एका ठरावीक सुराला ती पितळ अशी काही थरथरायची की पियानोच आजारी आहे वाटावं. मी यायचो तेव्हा काकू आवरून, समई उचलून, वर पुसून ठेवायच्या. म्हणजे दोन वेळा मी बिनआजाराचा पेशंट तपासून गेलो होतो.

समईचा आटा पिळला. बास. त्याचे काय पैसे घेणार? काकूंनी थालीपीठ खायला घातलं.

असंच फ्रेमचं होतं, शोकेसच्या काचेचं होतं, एकदा तर पट्टी अडकते म्हणून गेलो तर दोन पट्ट्यांच्या मधे दहा रुपयाचं नाणं, आणि घरातला पाच वर्षांचा माणूस पडद्यामागे लपलेला.

सगळी गिऱ्हाइकं अशी गोड नसतात हे पण सांगतो, नाहीतर वाटेल मी संतबिंत झालोय. 'दीड तासाचे तीन हजार?' हा प्रश्न मी एवढ्या वेळा ऐकलाय की आता त्यावर चहा पिऊ शकतो. आधी मी हिशेब द्यायचो. की 88 पट्ट्या दिसतात तुम्हाला पण आत तारा सव्वादोनशेच्या वर आहेत, वरच्या सुरांना तीन-तीन, मधे दोन, अगदी खाली एक, आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण अठरा-वीस टन भरतो, म्हणजे तुमच्या हॉलमध्ये चार हत्ती बांधलेत आणि मी त्या प्रत्येकाची दोरी केसभर पिळतोय. हत्तींचं ऐकून लोक हसायचे आणि अडीच हजार द्यायचे. आता मी काही सांगत नाही. काम सुरू करायच्या आधी त्यांनाच एखादा सूर वाजवायला लावतो, तीन तारांतल्या दोन फेल्टने, म्हणजे लोकरीच्या जाड पट्टीने, बंद करतो, एकच ऐकवतो, मग दुसरी सोडतो, ते हेलकावे ऐकू येतात ना, वाँव वाँव वाँव, ते ऐकवतो, आणि लीव्हर हलवत हलवत ते हेलकावे लांब होत होत बंद झाले की लोकांचा चेहरा बघण्यासारखा असतो. हे अजून सव्वादोनशे वेळा करायचंय असं म्हटलं की पैशाचं कोणी काढत नाही. बरं, काढणारे काढतात पण आवाज खाली असतो.

आवाजावरून आठवलं. आपल्याकडच्या घरात शांतता मागणं म्हणजे उपकार मागितल्यासारखं आहे. मला हेलकावे मोजायचे असतात आणि आत कुकरच्या शिट्ट्या, वर ड्रिल, टीव्हीवर सिरीयल, आणि डोक्यावर पंखा, पंखा तर सगळ्यात वाईट कारण त्याचेच स्वतःचे हेलकावे असतात. पंखा बंद करा म्हटलं की घरातले आजोबा असे बघतात जसं काही मी त्यांचा ऑक्सिजन काढला. एका हॉलवर तर कार्यक्रमाच्या दोन तास आधी बोलावलं आणि स्टेजवर साउंडवाले हॅलो चेक, हॅलो चेक करतायत. मी हात जोडले, वीस मिनिटं द्या. दिली नाहीत. पेमेंट सात महिन्यांनी दिलं. त्या हॉलवर मी आता जात नाही, संपला विषय.

पावसाळ्याचं गिऱ्हाईक हा वेगळा प्रकार. मे महिन्यात ट्यून करून घेतात आणि जुलैत म्हणतात तुमचं काम टिकलं नाही. मुंबईच्या जुलैत हवेत पाणी एवढं असतं की डब्यातलं मीठ दगड होतं, मग आतली एवढी मोठी लाकडी फळी, जिच्यावरून सगळा आवाज उठतो, ती काय कोरडी राहणार आहे का? ती फुगते, तारा ताणल्या जातात, मधले सूर चढतात. मग तुम्ही एसी लावता, ती सुकते, उतरतात. पट्ट्या पण फुगून अडकतात. जुने लोक आत खाली पंधरा वॅटचा बल्ब लावून ठेवायचे, मी पण सांगतो, फेल्टपासून लांब लावा आणि कापड टाकू नका म्हणून बजावतो. आणि फेल्टला कसर लागते ती वेगळीच. लोकरीच्या स्वेटरला लागते तीच. एका घरी हॅमरचं फेल्ट असं खाल्लेलं की मधे लाकूड दिसत होतं आणि मालक म्हणतात आवाज जरा 'शार्प' झालाय, मला आवडतोय. त्यांना काय सांगणार!

सगळ्यात अवघड कोण असं कोणी विचारलं तर पैशावाले नाही, ॲपवाले नाही. पियानो मेलाय हे ज्यांना सांगावं लागतं ते. ठाण्याच्या एका जोडप्याने मुलीसाठी ऑनलाइन बघून शंभरेक वर्षांचा पियानो घेतला, पितळेचे मेणबत्ती स्टँड वगैरे असलेला, दिसायला राजवाडा. मी लीव्हर लावला आणि हाताला कळलं. ज्या लाकडात त्या पिना ठोकलेल्या असतात ते तडकलेलं. पिन फिरवली की लोण्यात सुरी फिरावी तशी फिरते आणि हात सोडला की तार तिला परत ओढून घेते. आता हे तोंडी सांगितलं तर वाटणार हा माणूस नवीन पियानो विकणाऱ्याचा एजंट आहे. शब्द शोधत बसलो, मग लीव्हर त्या माणसाच्याच हातात दिला. म्हटलं दादा, तुम्ही फिरवा, सूर वर आणा, आणि सोडा. त्यांनी आणला. सोडला. उतरला. परत आणला. परत उतरला. चौथ्यांदा त्यांनी लीव्हर माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "हिला काय सांगू?" ही म्हणजे मुलगी, सात वर्षांची, बाजूला पुस्तक उघडून तयार बसलेली. जाड पिना टाकता येतात, पण लाकूडच गेलेलं असेल तर तो खर्च म्हणजे पडक्या भिंतीला रंग. मी त्या दिवशी पैसे घेतले नाहीत हे पहिल्यांदाच सांगतोय, बायकोला माहीत नाही.

पण मला ज्यांच्याबद्दल लिहायचं होतं त्या आजी राहिल्याच की.

गिरगावातल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये, नात पियानो शिकते, ग्रेडच्या परीक्षा देते, त्यामुळे पियानो आला. आजी स्वतः गाणाऱ्या, पूर्वी मैफली वगैरे केलेल्या, आता घरीच चार मुलींना शिकवतात. तेव्हा मला धंद्यात सहा-सात वर्षं झाली असतील, म्हणजे सगळं येतं असं वाटायचं ते वय. काम संपलं, बॅग भरली, आजी आतून आल्या. नातीला म्हणाल्या काळी चार (सप्तकातली चौथी काळी पट्टी) दाब, माझा सा तो. मग म्हणाल्या आता पांढरी एक, म्हणजे पुढच्या सप्तकातली पहिली पांढरी, त्यांचा गंधार, म्हणजे ग. नातीने दोन्ही बरोबर दाबल्या. आजींनी तोंड असं केलं जसं दुधात लिंबू पडलंय.

"हा गंधार चढा आहे."

मी म्हटलं आजी, नाही. ट्यूनिंग फोर्क काढला, ठरलेला एकच सूर देणारा लोखंडी चिमटा, गुडघ्यावर मारला, दाखवला, बघा बरोबर आहे. "तुझा चमचा बरोबर असेल, गंधार चढा आहे." मी परत सुरू, की आजी हे इंटरनॅशनल स्टँडर्ड आहे, आणि त्या ऐकून घेतायत असं वाटलं तर त्या उठून कोपऱ्यातला तंबोरा घेऊन आल्या. गवसणी काढली, मांडीवर घेतला, आणि म्हणाल्या बोलू नकोस, कान लाव भोपळ्याला. खरज, म्हणजे खालच्या सा ची तार, छेडला. सोडला. परत छेडला. पहिल्यांदा नुसता खरजच ऐकू आला. पाच-सहा वेळा झाल्यावर त्या खरजाच्या आतून, वर कुठेतरी, बारीक, कोणी न वाजवलेला एक सूर यायला लागला. स्वयंभू गंधार म्हणतात तो. नाव आण्णांकडून ऐकलं होतं, सूर कधी ऐकला नव्हता. आणि आजींनी तो कानात असतानाच नातीला पांढरी एक दाबायला लावली.

चढी होती. स्वच्छ चढी होती. माझ्या कानाला ऐकू आली.

त्याचं कारण मला माहीत होतं हो, पाठ होतं. पियानोत सप्तकाचे बारा सारखे तुकडे करतात म्हणजे कुठल्याही सुरापासून वाजवता यावं, त्यात पंचम जवळजवळ बरोबर बसतो पण शुद्ध गंधार खऱ्यापेक्षा चढा राहतो, एका पट्टीपासून पुढच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचे शंभर भाग केले तर चौदा भाग. काळी चार आणि पांढरी एक बरोबर दाबली तर सेकंदाला आठ हेलकावे येतात. मी ते आठ हेलकावे मोजून तर ट्यून करत होतो! रोज मोजत होतो आणि त्याला बरोबर म्हणत होतो. कानाला टोचतंय म्हणून कधी ऐकलंच नव्हतं.

आजी म्हणाल्या, "उगाच नाही रेडिओवर पेटीला बंदी होती." होतीच. 1940 ला घातली ती 1971 ला उठायला लागली, आणि पेटीवर जे आक्षेप होते त्यात हा एक होताच. आण्णा ह्या विषयावर तासन्तास बोलायचे, सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज अधिकारी यांनी शंभर वर्षांपूर्वी खटपट करून श्रुतींची, म्हणजे बारापेक्षा जास्त बारीक सुरांची, पेटी बनवून घेतली, 1916 ला बडोद्याच्या संगीत परिषदेत नेली, आणि तिथे त्यावरून वाद झाले. तेव्हा सुटलं नाही ते मी गिरगावात दुपारी चार वाजता काय सोडवणार.

पण तोपर्यंत मला आत काहीतरी झालं होतं. बॅग परत उघडली. म्हटलं आजी, तुम्हाला हवा तसा करून दाखवतो, मग तुम्हीच सांगा. त्या पांढऱ्या एकच्या तीनही तारा उतरवत उतरवत काळी चारशी हेलकावे पूर्ण थांबेपर्यंत आणल्या. नातीने दाबलं. आजींनी डोळे मिटले. एवढंच नाही, गुणगुणल्या पण काहीतरी, मला वाटतं भूप असावा.

मग मी नातीला म्हटलं, आता तुझा परीक्षेचा पीस वाजव. सी मेजरमधला होता. पहिल्याच हाताला असा काही कोल्हा रडला की नात दचकून मागे सरकली. तिची पांढरी एक, म्हणजे तिचा सा, सगळ्यांपासून तुटलेला. पंचम रडतोय, तिचा गंधार तर विचारू नका, वरचा-खालचा सा सुद्धा एकमेकांना ओळखेना. आजी हसायलाच लागल्या. दोन मिनिटं हसल्या असतील. मग म्हणाल्या, "ठेव बाबा होता तिथे. मला एक गंधार मिळाला आणि पोरीचं घर बुडालं."

ठेवला परत. पैसे देताना म्हणाल्या, चुकीचं करतोस असं नाही म्हटलं मी, चढा आहे म्हटलं.

तेव्हापासून मी कोणी 'बेसूर आहे' म्हटलं की पहिल्यांदा वाजवून दाखवायला सांगतो.

दरवर्षी दसऱ्याच्या आसपास, पाऊस गेला की त्यांचा फोन येतो. नात आता कॉलेजला आहे. ह्या वर्षी गेलो, दीड तास पियानो केला, हात धुतले, तर आजींनी तंबोरा माझ्यासमोर ठेवला. बोटं आखडतात आता, खुंट्या फिरत नाहीत, तू लाव. मी म्हटलं चार तर तारा आहेत, सव्वादोनशे करून आलोय आत्ताच. लावला, छेडला, दाखवला. "खरज उतरलाय." चढवला. "आता पंचम बघ." मणी सरकवला. "जवारी बोलतेय का? मला तर नाही ऐकू येत." जवारीचा म्हणजे तारेखालचा, तिला झंकार देणारा दोरा हलवला, कणभर इकडे, कणभर तिकडे. मधे नातीने चहा आणून ठेवला तो गार झाला. चार तारांना पाऊण तास लागला, आणि शेवटी आजींनी दोनदा छेडून बघितला, मान हलवली, म्हणाल्या, "बरा आहे."

पैसे पियानोचेच मिळाले. तंबोऱ्याचे मागायची माझी काही हिंमत झाली नाही.